हाडोळ्याची वांगी

रत्नागिरीला परतल्यापासून शेजारणी सारख्या विचारतायत, वऱ्हाडात जाऊन पाहिलंस काय? त्यांना एखादं लेणं हवंय, निदान एखादं देऊळ तरी. मी सांगते, माती पाहिली. मग त्या एकमेकींकडे बघतात आणि विषय बदलतात. बाई एकटी राहते, त्यात गणित शिकवते, तेव्हा एवढं चालायचंच, असा त्यांचा चेहरा होतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी माती पाहिली, आणि तीही जाता जाता नव्हे. खड्ड्यात पडून, नाकासमोर धरल्यासारखी, चांगली घटकाभर पाहिली.

जऊळका

वत्सला आणि मी अध्यापक विद्यालयात एका खोलीत राहत होतो. ती मूळची तिकडचीच. लग्न होऊन मंगरूळपीरला गेली आणि तिथल्या शाळेत लागली. तेव्हापासून तिचं दर वर्षी एकच आमंत्रण असायचं, "मालूताई, आमच्या सासऱ्यांच्या हाडोळ्यातली वांगी खायला ये." हाडोळा हे गावाचं नाव असणार अशी माझी पक्की समजूत. आमच्याकडे नाही का नाचणे आहे, कोळंबे आहे, तसंच हे. दुष्काळात जाणं बरं दिसलं नसतं. तो सरला, पुढचे दोन पावसाळे बरे गेले आणि मग पौषातल्या थंडीत मी निघाले.

अकोल्यापुढे छोट्या लायनीच्या गाडीत एका सज्जनांनी सल्ला दिला की जऊळक्याला उतरा, तिथून मंगरूळपीरची बस लगेच मिळेल. उतरले. बस नुकतीच गेली होती आणि सज्जन गाडीतून हात हलवत पुढे गेले. दुसरी बस येईपर्यंत करायचं काय, म्हणून स्टेशनामागच्या वावरात शिरले. वावर म्हणजे शेत, हे तिथंच कळलं.

मी जांभ्यातली बाई. आमची माती लाल, वीतभर, खाली दगड. पाऊस धो धो पडतो आणि समुद्रात जातो, आम्ही नुसते बघतो. इथं नजर पोचेल तिथवर काळंभोर, सपाट, आणि मध्ये मध्ये भेगा. मी सवयीनं पौषातही छत्री नेली होती. एका भेगेत तिचं टोक घालून बघितलं तर ती सरळ मुठीपर्यंत आत गेली. अगो बाई, म्हटलं, ही जमीन आहे की पेटारा? तूर राखणारी एक म्हातारी लांबून माझ्याकडे बघत होती. तिनं तिच्या माणसाला काहीतरी सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. छत्री कशीबशी उपटून मी स्टेशनात परत आले.

मंगरूळपीर

बसस्टँडवर उतरले तेव्हा दर्ग्याकडून लोबानाचा वास येत होता आणि सगळीकडे कापसाचे पुंजके उडत होते. समोरच्या पानवाल्याला विचारलं, हाडोळ्याला कसं जायचं? त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाडोळ्यात तुमचं काय काम हाय, बाई?"

बाकावरचा एक जण दुसरीकडे बघत हसला. मला हसण्यासारखं काय ते समजेना, आणि असं समजलं नाही की माझं डोकं तापतं. मी आवाज चढवून तेच पुन्हा विचारलं. तेवढ्यात वत्सलाचे यजमान घाईघाईनं आले. दामोदरराव पोस्टात कारकून, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. माझ्या हातातली पिशवी घेत ते हळूच म्हणाले, "हाडोळा नाही, ताई. नवी वस्ती म्हणायचं."

आम्ही चालू लागलो. थोड्याच अंतरावर नाल्याच्या कडेनं एक हिरवागार पट्टा दिसला. केळी, शेवगे, मध्ये भाजीचे वाफे, आणि त्यातून एक पायवाट सरळ पलीकडच्या घरांकडे गेलेली. घरं हाकेवर होती. मी म्हटलं, इकडून जाऊ की. दामोदरराव म्हणाले, रस्ता इकडून चांगला आहे, आणि मला भल्या मोठ्या वळशानं घेऊन गेले. तो चांगला रस्ता म्हणजे नुसती गिट्टी पसरलेली होती. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी मनात नोंद केली.

नवी वस्ती

वत्सलानं दारातच मिठी मारली. मग पहिला प्रश्न, "आंग धुते का आधी, का जेवते?" आंग धुणं म्हणजे आंघोळ. ही मुलगी माझ्यासोबत राहत असताना पुस्तकी मराठी बोलायची, घरात शिरली की वऱ्हाडी. जेवायला रोडगे होते. गव्हाच्या कणकेचे घट्ट गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजलेले, वर तूप. सोबत वांग्याची भाजी. वत्सला म्हणाली, भाजीत सांबार टाकू का वरून? मी घाबरले. वांग्यावर मद्राशी आमटी कशाला, म्हटलं, नको बाई. तिनं हसत हसत हिरवीगार कोथिंबीर माझ्या ताटात टाकली. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तुम्ही तिकडे गेलात तर लक्षात ठेवा.

आणि ती वांगी! मी मासे खाणारी, वांग्याला भाजीत धरत नाही. पण त्या दिवशी तीनदा वाढून घेतली. लोण्यासारखी मऊ आणि चवीला जराशी गोड. मी वत्सलाच्या सासऱ्यांना म्हटलं, बाबा, हे हाडोळा गाव आहे तरी कुठं? 

दामोदरराव ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

किसनबाबा मात्र शांतपणे रोडगा कुस्करत राहिले. उंच, वाळलेले, हट्टी चेहऱ्याचे. त्यांनी जे सांगितलं ते असं. गावात बैल मेला, गाय मेली, की ती ओढून न्यायची, सोलायची आणि हाडं टाकायची एक जागा असायची, गावाच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला. तो हाडोळा. ओढायचं काम यांच्या माणसांचं, बापजाद्यांपासून. छप्पन साली धम्म घेतला आणि त्या दिवसापासून साऱ्या वस्तीनं ते काम टाकलं. गावाची चार-सहा जनावरं पडून राहिली, धमक्या आल्या, मजुरी बंद झाली, पण कोणी हात लावला नाही. जागा मात्र तिथंच राहिली, वस्तीच्या दारात, वासासकट.

"मग तुम्ही बाग करायचं ठरवलंत?" मी विचारलं.

"कायची बाग? वास झाकाले राख टाकली. चुलीतली. मंग शेन टाकलं, केर टाकला, बायांनी मोरीचं पानी सोडलं. दरसाल हेच करून राह्यलो. एक दिवस पाह्यलं तं वांगं उगवलेलं."

ते अंगभर हसले. मला हे फार आवडलं. कुठलाही माणूस आपण आधीपासून सगळं योजलं होतं असं सांगतो. हे सरळ म्हणाले, वास झाकायला टाकली.

दुपारी वत्सलानं घरातलं दुखणं सांगितलं. वस्तीला समाजमंदिर मंजूर झालं होतं. मुलांना अभ्यासाला जागा नाही, लग्नाला मांडव रस्त्यावर, वंदनेला लोक उन्हात बसतात, तेव्हा ते हवंच होतं. आणि त्यासाठी सगळ्यांत जास्त खपले होते दामोदरराव. जागा त्यांनी सुचवली ती हाडोळ्याची. सगळी मऊ माती काढून मुरूम भरायचा, धुम्मसानं ठोकून बसवायचा आणि वर फरशी घालायची. रविवारी पायाभरणी. रस्त्याकडेला एक मुरमाड तुकडाही होता, पण तो लहान. बाबा नाही म्हणत होते, आणि बापलेक महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते.

"पण दामोदररावांना तीच जागा का?" मी विचारलं.

वत्सला म्हणाली, "मालूताई, हे लहानपणी बाबांच्या मागं जायचे तिथं. शाळेत मुलं नाक दाबायची. मास्तरही दाबायचा. मग हे नदीवर जाऊन राखेनं हात घासायचे, सालं निघेपर्यंत. त्यांना वाटतं, एकदा फरशी बसली की हाडोळा हे नावच मरेल."

म्हाताऱ्याचं बरोबर होतं आणि मुलाचंही चुकलेलं नव्हतं.

हाडोळा

दुसऱ्या दिवशी शनिवार. वत्सला सकाळच्या शाळेला गेली आणि मी बाबांबरोबर त्या पायवाटेनं आत शिरले.

पहिलं काय जाणवलं असेल तर गारवा. बाहेर पौषातलं ऊनही एव्हाना टोचत होतं, आणि कुंपण ओलांडलं की अंगावरून ओला हात फिरवल्यागत वाटलं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात निम्मी वस्ती इथं झोपते, टिनाखाली माणूस भाजून निघतो. वस्तीतल्या साऱ्या मोऱ्यांचं पाणी एका चरातून येत होतं, साबणाचं, खरकट्याचं, निळसर काळं. ते आधी अळवात शिरत होतं, तिथून केळीत, आणि केळीच्या पलीकडे पाणीच नव्हतं. जमिनीनं पिऊन टाकलं होतं. ना डबकं, ना डास. आमच्या आळीतलं गटार आठवलं आणि मला आमच्या सगळ्या आळीची लाज वाटली.

बाबांनी सांगितलं की पावसाळ्यात गावाच्या वरच्या अंगाचं पाणी लोंढ्यानं खाली येतं. काळी जमीन एकदा भिजून फुगली की वरचं पाणी आत घेत नाही. पूर्वी ते थेट घरात शिरायचं, भांडी तरंगायची. आता इथं येतं आणि मुरतं. मुरून जातं कुठं, तर खालच्या अंगाला एक विहीर आहे, तिच्यात. तिथं बाया पाणी भरत होत्या. मी ओंजळभर प्याले. चरातलं ते निळं पाणी आणि हे पाणी एकाच मातीतून आलंय यावर माझा विश्वास बसेना. मी पुन्हा ओंजळ भरली आणि उन्हात धरून बघितली. एक कण नाही.

"दुष्काळात?" मी विचारलं.

"हटली, पन आटली नाई. वरच्या इहिरींत दगडं दिसून राह्यले होते. सारं गाव आलं इथं घागरी घेऊन. ज्यांनी आमच्या सावलीले नाक मुरडलं तेबी आले." बाबांनी विहिरीकडे हात केला. "तवा कोनी जागेचं नाव इचारलं नाई."

मी म्हटलं, आणि तुम्ही भरू दिलंत? ते म्हणाले, पाण्याला काय बांध घालायचा आहे. मग वाफ्यात वाकले, दोन वांगी तोडली, एक माझ्या हातात दिलं आणि जमिनीवर तळवा ठेवला.

"आमी ढोर ओढून आनलं, बाई, तं गावानं नाक दाबलं. आमी त्याच गावचे, तं आमीबी कदीमदी दाबलं. मातीनं नाई दाबलं. तिनं सारं घेतलं."

मी आयुष्यात देवळांत गेले आहे, समुद्र तर रोजच बघते. पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. सगळा पट्टा एका नजरेत बघावा म्हणून मागं मागं सरकू लागले. हातात वांगं, नजर केळीच्या शेंड्यांवर. बाबा काहीतरी ओरडले. आणि मी खाली गेले.

खड्डा

गवंड्यानं सकाळीच मुरूम किती खोल लागतो ते बघायला कोपऱ्यात खड्डा खणला होता आणि तो भाकर खायला गेला होता. खड्डा माझ्या छातीएवढा होता आणि तरीही मुरूम लागलेला नव्हता. लागलं मलाही काही नाही, इतकी मऊ माती. पण मी अंगानं चांगली भरलेली, वर यायचं कसं? बाबांनी हात दिला. मी ओढलं असतं तर तेही आत आले असते. मी म्हटलं, थांबा तुम्ही, कोणीतरी येईल, आणि तिथंच बसले.

बसले आणि समोर बघितलं. खणलेली कड सरळ माझ्या नाकासमोर होती. वर नाचणीच्या पिठासारखी भुसभुशीत काळी माती, तिच्यात केळीची पांढरी मुळं. तिच्याखाली राखेचा करडा पट्टा, मध्ये एखादं खापर. पुन्हा काळी. पुन्हा राख. एक गांडूळ आपल्या वाटेनं चाललं होतं, माझ्याकडे लक्षही न देता. आणि सगळ्यांत खाली चुन्यासारखे पांढरे ठिपके. बोटानं दाबला तर एक ठिपका पिठासारखा विरला. तेव्हा कळलं की ते हाड होतं.

दसऱ्यापासून पावसाचा थेंब नव्हता आणि ही माती ओली होती. माझ्या मनात आलं, गावातले किती बैल यात असतील, ज्यांनी जन्मभर नांगर ओढला. किती चुलींची राख, किती बायांच्या हातांचं धुणं. माणसांनी टाकून दिलेलं सगळं इथं आलं, आणि त्याचं पाणी झालं, सावली झाली, माझ्या हातातलं हे वांगं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, त्यात लाजायचं काय? खड्ड्यात बघायला होतं कोण.

वर बाबांचा आवाज आला, "ए दामू!" शनिवारचं पोस्ट लवकर सुटलं होतं आणि दामोदरराव सायकल हातात धरून रस्त्यानं घरी चालले होते. मी उठून बघितलं. ते कुंपणाशी येऊन थांबले. आत येईनात.

बाबा म्हणाले, "येतं का आत, का पाव्हनीले तठीच पेरू?"

मी हसले, पण दामोदरराव हसले नाहीत. त्यांनी सायकल टेकवली. बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले, पँट वर दुमडली आणि अनवाणी आत आले. पायाखाली विंचू असल्यागत एकेक पाऊल टाकत होते. खड्ड्यात उतरले, भिंतीशी उकिडवे बसले आणि म्हणाले, खांद्यावर पाय ठेवा, ताई. मी कशी ठेवणार? मग त्यांनी हातांची पायरी केली, बाबांनी वरून दंड धरला आणि मी एकदाची बाहेर पडले, साडी मातीनं भरलेली, वांगं हातात शाबूत.

दामोदरराव मात्र वर येईनात. मला वाटलं, त्यांची पाठ भरली. वाकून पाहिलं तर ते त्या कडेकडे बघत उभे होते, त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे. बऱ्याच वेळानं त्यांनी मूठभर माती काढली. हात नाकापर्यंत नेला, थांबवला, मान फिरवली. पुन्हा नेला आणि खोल श्वास घेतला. आणखी एकदा घेतला.

"बाबा," ते म्हणाले, "वास नाही येत."

किसनबाबा खड्ड्याच्या काठावर बसले. महिन्याभरात दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट बघत होते.

"कवाचाच गेला, बावा. तूच आला नाई पाहाले."

मी तिथून निघाले आणि पायवाटेनं घरी गेले. काही ठिकाणी पाहुण्यानं थांबायचं नसतं.

रविवार

पायाभरणी झाली, पण रस्त्याकडेच्या मुरमाड तुकड्यावर. सकाळी वस्ती जमली तेव्हा दामोदररावांनीच उभं राहून सांगितलं की काळ्या मातीत भिंती तडकतात, गवंड्याला मुरूमच सापडत नाही, आणि विहीर राहिली पाहिजे. लोक कुरकुरले. एक जण म्हणाला, जागा चिंचोळी आहे, लग्नात पंगत बसायची कशी? एक म्हातारी ठणकावून म्हणाली, पंगत केळीत बसवू, तिथं गार आहे. त्यावर सगळे हसले आणि ठराव झाला. मातीच्या वासाबद्दल दामोदरराव एक शब्द बोलले नाहीत आणि कोणी विचारलंही नाही. वंदना झाली, पहिली कुदळ वत्सलाच्या शाळेतल्या मुलींनी मारली, मग गुळाचा चहा.

सोमवारी मी निघाले. बाबांनी वांग्यांनी पिशवी भरून दिली, इतकी की छत्री काखेत धरावी लागली. दामोदरराव स्टँडवर सोडायला आले, या वेळी पायवाटेनं, मातीतून. बुटांचं पॉलिश गेलं. मला केळीतून जाताना त्यांनी दोनदा पानं बाजूला धरून दिली.

स्टँडवर तोच पानवाला होता. त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. वांगी लय झक्कास दिसून राह्यली, म्हणाला, कुठली हो? मी पाहुणी, मला कशाला कोणाचं मन दुखवायचं. नव्या वस्तीची, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

"हाडोळ्याची," दामोदरराव माझ्या आधी म्हणाले, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. आणि माझ्या पिशवीतली चांगली मोठाली दोन वांगी, मला न विचारता, त्याच्या पानांच्या ओल्या फडक्यावर ठेवली.